जपानमध्ये चहा, सुमो की देवळात मुक्काम? पारंपरिक अनुभव कसे निवडायचे

जपानचं तिकीट काढल्याची बातमी घरच्या ग्रुपवर पडली, की याद्या यायला लागतात. चहाचा सोहळा, किमोनो, सुमो, काबुकी, गेइशा, सामुराईची तलवार, निन्जा शो, गरम पाण्याचे झरे, देवळातला मुक्काम. प्रत्येकापुढे 'हे चुकवू नका' लिहिलेलं. आठ-दहा दिवसांत टोकियो, क्योटो, ओसाका आणि माउंट फुजी आधीच बसवलेलं असतं. त्यात हे सगळं कोंबलं तर एकेका अनुभवाच्या वाट्याला पाऊण तास येतो आणि परतल्यावर आठवतात ती फक्त रेल्वे स्टेशनं.

मी टोकियोत निशिकासाईला राहते. भारतीयांची इथे मोठी वस्ती आहे, त्यामुळे मे महिन्यात आणि दिवाळीत महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांचा राबता असतो. 'यातलं नेमकं काय करू?' हा प्रश्न सगळ्यांचाच. मी एकच चाळणी सांगते: जपानी माणूस सुट्टीच्या दिवशी, स्वतःचे पैसे मोजून जिथे जातो, तिथे आधी जा. बाकीचं वेळ उरला तर. सुमोला जपानी आजी-आजोबा हौसेने येतात. ओन्सेनला, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांवर, मैत्रिणींचे घोळके जातात. देवळाच्या बागेत माचा (हिरव्या चहाची पूड घुसळून केलेला चहा) प्यायला जवळपासच्या बायका येऊन बसतात. तलवारीच्या शोला मात्र बहुतेक सगळे परदेशी पर्यटकच असतात. तो शो वाईटच असतो असं काही नाही, दहा वर्षांच्या मुलाला तोच सगळ्यात आवडेल. पण पैसे आणि वेळ मोजके असतील तर पहिला हक्क त्याचा नाही.

या चाळणीनंतरही पाच-सहा गोष्टी उरतात. त्यातून निवडायची रीत पुढे देते.

पायरी पहिली: तुमचा महिना कोणता?

बहुतेक लोक आधी अनुभव ठरवतात आणि मग तारखा बघतात. उलट करा. जपानमधल्या निम्म्या गोष्टी कॅलेंडरला बांधलेल्या आहेत.

सुमोच्या मोठ्या स्पर्धा वर्षातून सहाच. जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये टोकियोत, मार्चमध्ये ओसाकात, जुलैत नागोयाला, नोव्हेंबरमध्ये फुकुओकाला. प्रत्येक स्पर्धा १५ दिवसांची, रविवारी सुरू होऊन रविवारी संपणारी. तुमच्या तारखा यात बसत नसतील तर सुमो यादीतून काढा आणि निवांत व्हा.

शाळेच्या सुट्टीत येणाऱ्यांनी २९ एप्रिल ते ५ मेचा 'गोल्डन वीक' टाळावा. त्या आठवड्यात सगळा जपान प्रवासाला निघालेला असतो, र्‍योकानचे, म्हणजे पारंपरिक जपानी अतिथीगृहांचे, दर चढलेले असतात आणि बुलेट ट्रेनमध्ये आयत्या वेळी जागा मिळणं कठीण. त्यानंतरचा मे मात्र सोन्यासारखा. टोकियोत सुमो, तिथल्याच असाकुसात तिसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास सान्जा मात्सुरी (मात्सुरी म्हणजे उत्सव), क्योटोत पोंतोचो वस्तीतल्या गेइशांचा 'कामोगावा ओदोरी' (ओदोरी म्हणजे नाच), आणि हवा अजून तापलेली नसते. एप्रिलमध्ये येणार असाल तर क्योटोत गिओन कोबू या गेइशांच्या वस्तीचा 'मियाको ओदोरी' महिनाभर चालतो. १८७२ पासूनची ही परंपरा आहे. १४-१५ एप्रिलला ताकायामा गावात उत्सवाचे रथ निघतात.

जून पावसाचा. जुलै-ऑगस्ट दमट आणि भाजून काढणारा. मुंबईकरालाही क्योटोचा ऑगस्ट जड जातो. पण मात्सुरींचा हंगाम तोच. क्योटोच्या गिओन मात्सुरीच्या मिरवणुका १७ आणि २४ जुलैला, आओमोरीचा नेबुता २ ते ७ ऑगस्ट, तोकुशिमाचा आवा ओदोरी १२ ते १५ ऑगस्ट. पुण्यात ढोल-ताशा पथकात वाजवलेल्या कोणालाही मी नेबुताच सुचवते. तिथे 'हानेतो' नाचणाऱ्यांचा ठरलेला पोशाख भाड्याने मिळतो, आणि तो अंगावर चढवला की कोणीही मिरवणुकीत शिरून नाचू शकतो. नाव नोंदवायचं नाही, फी नाही. तोकुशिमातही बाहेरच्यांना सामील होता येईल असे गट असतात. मोठा खर्च फक्त हॉटेलचा, पण ती खोली अनेक महिने आधी धरावी लागते.

दिवाळीच्या सुट्टीत पानगळीचे रंग चढायला लागतात. नोव्हेंबरचा उत्तरार्ध क्योटोत सर्वांत गर्दीचा आणि महाग. तेव्हा देवळात मुक्काम किंवा ओन्सेन क्योटोबाहेर शोधा. ३१ डिसेंबर ते ३ जानेवारी बरीच संग्रहालयं, कार्यशाळा आणि चहाघरं बंद असतात. देवळं मात्र त्याच दिवसांत ओसंडून वाहतात.

पायरी दुसरी: बघायचं, करायचं की राहायचं?

उरलेल्या यादीचे तीन ढीग करा. बघण्याच्या गोष्टी: सुमो, काबुकी नाटक, बुनराकु (बाहुल्यांचं नाटक), नोह (मुखवटे घालून केलेलं जुनं नाट्य), ओदोरी, मात्सुरी. करण्याच्या: चहा, झाझेन (बसून करायचं ध्यान), सूत्रलेखन, रंगकाम, कुंभारकाम, किमोनो. आणि राहण्याच्या: र्‍योकान, ओन्सेनचं गाव, देवळातला शुकुबो.

दहा दिवसांच्या सहलीला प्रत्येक ढिगातून एक, एवढंच घ्या. तिन्हींत निवड करायची वेळ आली तर राहणं ठेवा. कारण एका रात्रीत जेवण, अंघोळ, खोली, अंथरूण, बोलण्याची रीत, सकाळचा नाश्ता सगळं मिळतं. कितीही चांगली कार्यशाळा ते एका तासात देऊ शकत नाही.

दोन 'करायच्या' गोष्टी एका दिवशी ठेवू नका. सकाळी चहा आणि दुपारी सुलेखन हे कागदावर सुटसुटीत दिसतं. प्रत्यक्षात दुसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत पाय आणि डोकं दोन्ही संपलेली असतात.

पायरी तिसरी: गुडघे, पोट आणि संकोच

या तीन गोष्टींवर घरात आधी मोकळेपणाने बोला. जपानमध्ये गेल्यावर आयत्या वेळी बोलून फार काही बदलत नाही.

गुडघे. तातामीवर, म्हणजे गवती चटईवर, वज्रासनासारखं बसणं, म्हणजे 'सेइझा', चहात अपेक्षित असतं. सुमोच्या 'मासु-सेकी' चौकटीत चार जण पाय दुमडून जमिनीवर बसतात. दोन उंचेपुऱ्या माणसांनाच ती भरून जाते. र्‍योकानमध्ये झोपायला जमिनीवर फुतोन, म्हणजे घडी होणारी गादी. साठीच्या पुढचं कोणी बरोबर असेल तर चहाला खुर्ची आहे का, सुमोला खुर्चीची जागा मिळेल का, र्‍योकानमध्ये पलंगाची खोली आहे का, हे बुकिंगच्या आधी विचारा. तिन्ही गोष्टी सहसा मिळतात, पण मागणाऱ्यालाच.

पोट. शाकाहाऱ्यांची खरी अडचण मांस नसते; ते दिसतं आणि बाजूला ठेवता येतं. अडचण 'दाशी'ची. बोनिटो मासा वाळवून, किसून काढलेलं हे पाणी सूपमध्ये, भाजीत, सॉसमध्ये सगळीकडे असतं. साध्या र्‍योकानला 'व्हेजिटेरियन' एवढंच कळवलं तर मासे काढून टाकलेलं, पण दाशीत शिजलेलं जेवण प्रेमाने समोर येईल. म्हणून मांस, मासे, अंडी आणि माशाचा दाशी यांतलं काय काय चालत नाही ते वेगवेगळं लिहा, जपानीत भाषांतर करून घ्या आणि बुकिंगच्या वेळीच पाठवा. कित्येक र्‍योकान 'जमणार नाही' असं सरळ कळवतात. त्याचा राग मानू नका, ते कळवतात हेच चांगलं. तुमचं उत्तर मग शुकुबो, त्याबद्दल पुढे.

संकोच. ओन्सेनच्या सार्वजनिक कुंडात अंगावर काहीही न ठेवता उतरायचं असतं, पोहण्याचा पोशाखसुद्धा नाही. बायका-पुरुषांची कुंडं वेगळी असतात, तरी सासू-सुनेला किंवा बाप-लेकाला एकत्र जायचं म्हटलं की आपल्याकडे चेहरे पडतात. याला सरळ पर्याय आहे: 'काशिकिरी', म्हणजे तासाभरासाठी आपल्यापुरतं राखून घ्यायचं कुंड. नाहीतर खोलीलाच कुंड जोडलेली महागडी खोली. आणि काहीच नको असेल तर रस्त्याकडेचं 'आशियु', जिथे फक्त पाय बुडवून बसायचं. अंगावर टॅटू असेल तर आधी चौकशी करा, अनेक ठिकाणी प्रवेश नाकारतात. किनोसाकी या ओन्सेनच्या गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत आणि तिथे टॅटूला हरकत नसते.

आता एकेक गोष्ट जवळून बघू.

चहा

बाजारात याचे तीन प्रकार आहेत आणि तिघांनाही 'टी सेरेमनी'च म्हणतात, म्हणून गोंधळ होतो.

पहिला, बागेतला माचा. टोकियोतल्या हामारिक्यू बागेत तळ्यावर चहाघर आहे, कामाकुराच्या होकोकुजी देवळात बांबूच्या बनासमोर बसून चहा घेता येतो, कानाझावाच्या केनरोकुएन बागेतही सोय आहे. हजार येनच्या आसपास एक वाडगा माचा आणि एक गोड वडी. बुकिंग नाही, शिकवणी नाही. (येनचे रुपये करताना सध्या साधारण ५५-६० पैसे धरा.)

दुसरा, पर्यटकांसाठीचा ४५ मिनिटांचा ते तासाभराचा वर्ग, साधारण तीन-पाच हजार येनचा. यजमान चहा करून दाखवतात, रीत समजावतात आणि शेवटी तुम्हाला 'चासेन' ही बांबूची रवी हातात देऊन घुसळायला लावतात.

तिसरा, पूर्ण 'चाजी'. जेवण, दाट चहा, पातळ चहा, मधे बागेत विश्रांती, असे मिळून चार तास. याचं आमंत्रण ओळखीतून येतं. पर्यटकाने त्याच्या मागे लागू नये.

माझं मत: पहिल्यांदा जपानला येणाऱ्याने पहिला प्रकार नक्की करावा आणि दुसऱ्यासाठी पैसे घालायचे तर माणसं किती आहेत ते बघून घालावे. पंचवीस जणांच्या गटात यजमानाचे हातच दिसत नाहीत, आणि इथे बघायचं असतं ते हातच. सहा-आठ जणांचा वर्ग शोधा. शिकवणारी व्यक्ती उरासेन्के, ओमोतेसेन्के अशा कुठल्या परंपरेत शिकली आहे हे माहितीत दिलेलं असेल तर उत्तम. ही घराणी सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) या चहाच्या आचार्याच्या वंशातून आली आहेत.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. आधी गोड येतं, आणि ते चहा येण्याआधी संपवायचं असतं. आपण बिस्किट चहाबरोबर खायला सोकावलेलो, त्यामुळे आपली मंडळी वडी राखून ठेवतात आणि यजमान थांबून राहतो. मग वाडगा येतो. त्याची देखणी बाजू तुमच्याकडे केलेली असते. उजव्या हाताने उचलायचा, डाव्या तळव्यावर ठेवायचा, थोडी मान झुकवायची, आणि वाडगा थोडा फिरवायचा, म्हणजे देखण्या बाजूला ओठ लागत नाहीत. दोन-तीन घोटांत संपवायचा. शेवटचा घोट आवाज करून ओढला तर बिघडत नाही, उलट 'संपला' हे यजमानाला कळतं. चव कडू, हिरव्या पाल्यासारखी, वर फेस. साखर मागू नका, तोंडात आधीची वडी असते तिचं कामच ते. ही वडी बहुतेक वेळा लाल किंवा पांढऱ्या घेवड्याच्या पुरणाची असते, म्हणून शाकाहाऱ्यांना सहसा अडचण येत नाही.

पारंपरिक चहाघराचं दार जेमतेम ६०-७० सेंटिमीटर उंच असतं, त्यातून रांगत आत जावं लागतं. तलवार कमरेला असलेल्या सरदारालाही ती बाहेर ठेवून, वाकूनच शिरावं लागे. तेव्हा आखूड स्कर्ट आणि घट्ट जीन्स दोन्ही टाळा, स्वच्छ मोजे घाला, अंगठ्या आणि मोठी घड्याळं काढून ठेवा. वाडगा कधी कधी त्या घराच्या आजोबांच्या काळातला असतो.

सुमो, काबुकी आणि बाहुल्या

सुमो हा मला सगळ्यात खात्रीचा पर्याय वाटतो, कारण भाषा लागत नाही. सकाळपासून खालच्या श्रेणीच्या कुस्त्या सुरू असतात आणि रिकाम्या खुर्च्यांमुळे तेव्हा पुढे जवळून बघता येतं. खरी रंगत दुपारी साडेतीननंतर, जेव्हा वरच्या श्रेणीचे पैलवान भरजरी कमरपट्टे नेसून रिंगणात उतरतात. सहाच्या सुमाराला सगळं आटोपतं. मल्ल मीठ उधळतात, खाली बसतात, एकमेकांकडे रोखून बघतात, उठून जातात, परत मीठ उधळतात. वरच्या श्रेणीत या तयारीला चार मिनिटांची मुदत असते. कुस्ती मात्र अनेकदा दहा सेकंदांत संपते. पहिल्या दोन कुस्त्यांना लोक वैतागतात. पाचव्या-सहाव्यापासून त्या चार मिनिटांतच श्वास रोखायला लागतात.

टोकियोतल्या र्‍योगोकु कोकुगिकानची तिकिटं स्पर्धेच्या साधारण महिनाभर आधी विक्रीला येतात. शनिवार-रविवार आणि शेवटचे दिवस आधी संपतात, म्हणून आठवड्याच्या मधला दिवस धरा. वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या काही हजार येनमध्ये मिळतात आणि तिथून दिसतंही चांगलं. स्पर्धेच्या तारखा जुळल्या नाहीत तर काही 'हेया', म्हणजे तालमी, सकाळचा सराव बघू देतात. तिथे बोलायचं नाही आणि रिंगणाच्या दिशेने पाय पसरायचे नाहीत.

काबुकीचा पूर्ण खेळ मध्यंतरं धरून चार तासांच्या घरात जातो. ज्यांना नाटकाचं वेड नाही त्यांनी पूर्ण तिकीट काढूच नये. टोकियोच्या गिन्झा भागातल्या काबुकिझामध्ये चौथ्या मजल्यावरून एकच अंक बघायचं स्वस्त तिकीट मिळतं, तेवढं पुरे. इंग्रजी मजकूर दाखवणारं यंत्र भाड्याने घ्या. त्याशिवाय गोष्ट कळत नाही. काबुकीत स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करतात. इझुमोच्या ओकुनी नावाच्या बाईने १६०३ च्या सुमारास क्योटोत ज्या नाचातून हा प्रकार सुरू केला, त्याच रंगभूमीवर १६२९ मध्ये सरकारने बायकांना बंदी घातली. बालगंधर्वांच्या शालू-दागिन्यांच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना 'ओन्नागाता' नटाची चाल बघताना वेगळं काही समजावावं लागत नाही. मोक्याच्या क्षणी मागच्या रांगांतून कोणीतरी नटाच्या घराण्याचं नाव खणखणीत आवाजात पुकारतं. ते मुरलेल्या रसिकांचं काम, आपण टाळ्यांवर थांबावं.

ओसाकात असाल तर काबुकीऐवजी बुनराकुचा विचार करा. एका बाहुलीला तीन माणसं चालवतात, मुख्य चालवणाऱ्याचा चेहरा उघडा, बाकीचे दोघे काळ्या बुरख्यात. बाजूला एकच गायक सगळ्या पात्रांचे आवाज काढतो आणि सोबतीला शामिसेन हे तीन तारांचं वाद्य. राष्ट्रीय बुनराकु रंगमंदिरात वर्षातून ठरावीक महिन्यांतच खेळ असतात, म्हणून तारखा तपासा. नोह मात्र पहिल्या फेरीला टाळा. फार संथ आहे, आणि प्रवासाच्या थकव्यात झोप लागणारच.

एक रात्र: र्‍योकान की शुकुबो?

मांसाहारी असाल आणि ओन्सेनची हौस असेल तर र्‍योकान. माणशी साधारण पंधरा-वीस हजार येनपासून पुढे, दोन वेळच्या जेवणासह. दर खोलीमागे नसून माणशी असतो, ही गोष्ट आपल्या लोकांच्या हिशेबातून हमखास निसटते. दुपारी तीनला पोहोचा. ज्याने संध्याकाळी सातला पोहोचून सकाळी आठला निघायचं ठरवलंय त्याने साधं हॉटेल घ्यावं. र्‍योकानचे पैसे त्या मधल्या रिकाम्या तासांचे असतात: युकाता (साधा सुती किमोनो) घालून फिरणं, जेवणाआधी एक अंघोळ, झोपण्याआधी दुसरी. युकाता नेसताना डावी बाजू उजव्यावर घ्या. उलटी बाजू मृतदेहाला नेसवतात.

कुंडात उतरण्यापूर्वी छोट्या स्टुलावर बसून साबणाने अंग नीट धुवायचं, केस वर बांधायचे, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवायचा. पाणी ४० ते ४२ अंशांचं असतं. रक्तदाब असणाऱ्यांनी पाच मिनिटांत बाहेर यावं.

शाकाहारी कुटुंबाला मी डोळे झाकून कोयासानला पाठवते. कुकाई, म्हणजे कोबो दाइशी, यांनी ८१६ मध्ये स्थापन केलेलं शिंगोन बौद्ध पंथाचं हे डोंगरावरचं ठिकाण. इथल्या पन्नासएक देवळांत यात्रेकरूंची राहण्याची सोय आहे आणि जेवण 'शोजिन र्‍योरी': मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही, दाशी कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीचा आणि शिताके अळंब्यांचा. तिळाचा मऊसूत 'गोमादोफू' आणि वाळवून पुन्हा भिजवलेला टोफू, म्हणजे 'कोयादोफू', ही इथली खासियत. कटाक्षाने जैन पथ्य पाळणाऱ्यांनी मात्र कमळकाकडी, रताळं, गाजर असे कंद असतात हे लक्षात घेऊन आधी कळवावं.

पहाटे सहाच्या सुमारास मंत्रपठण. काही देवळांत त्यानंतर 'गोमा' होतो: कुंडात समिधा, तेल, धान्याच्या आहुती आणि संस्कृतातून आलेले मंत्र. होमहवन बघत वाढलेला माणूस तिथे स्तब्ध होतो, आणि तो पाहुण्यांना दाखवायचा कार्यक्रम नाही, देवळाची रोजची साधना आहे. ओकुनोइन स्मशानातल्या दोन किलोमीटरच्या देवदारांच्या वाटेवर थडग्यांच्या दगडांवर सिद्धम् लिपीतली बीजाक्षरं कोरलेली दिसतात. ही लिपी भारतातूनच गेली. संध्याकाळी, दिवे लागल्यावर, एकदा जरूर चाला.

काय झेपायला हवं तेही सांगते. संध्याकाळी साडेपाच-सहाला जेवण, रात्री दार बंद, खोल्यांमध्ये कागदी सरकत्या भिंती, स्वच्छतागृह बऱ्याचदा सामायिक. उंची ८०० मीटरच्या वर, त्यामुळे हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार, वर बस. मिळून दोन तास. जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) नानकाईवर चालत नाही.

किमोनो आणि गेइशा

किमोनोबद्दल नाक मुरडणारे बरेच भेटतात, पण क्योटोत जपानी मुलीही हौसेने भाड्याने घेऊन फिरतात, तेव्हा चाळणीतून तो पास होतो. चार-सहा हजार येन, नेसवून देतात, केस बांधायचे वेगळे पैसे. सकाळी नऊला पहिली वेळ घ्या. संध्याकाळी पाच-सहापर्यंत परत करायचा असतो आणि दुपारनंतर दुकानात रांग लागते. त्या दिवशी डोंगर चढायचा बेत नको, लाकडी-चामडी चपलांत पायऱ्या जड जातात.

गेइशांच्या बाबतीत अपेक्षा आटोपती ठेवा. क्योटोत त्यांना गेइको आणि शिकाऊ मुलींना माइको म्हणतात. खासगी मेजवानीला जायला ओळख लागते आणि खर्च डोळे पांढरे करणारा. भर दुपारी क्योटोच्या हिगाशियामा भागात रंगलेल्या चेहऱ्याने फोटोला उभ्या राहणाऱ्या मुली बहुतेक वेळा हौसेने सजलेल्या पर्यटक असतात. खऱ्या माइको संध्याकाळी कामाला निघालेल्या असतात आणि त्यांना अडवणं, मागे धावणं यामुळेच गिओनमधल्या खासगी गल्ल्या २०२४ पासून पर्यटकांना बंद झाल्या. शिरल्यास १०,००० येन दंडाचे फलक लावले आहेत. बघायचंच असेल तर वसंतातल्या ओदोरीचं तिकीट काढा. रंगमंचावर त्या तासभर नाचतात, आणि तिकिटाबरोबर चहाही घेता येतो.

हाताने काही करायचं असेल तर

इथे एकच प्रश्न विचारा: वस्तू त्याच दिवशी हातात मिळते का? कुंभारकामात मिळत नाही. भाजून यायला महिना-दोन महिने लागतात, आणि भारतात पाठवायचा टपालखर्च कधी कधी वर्गाच्या फीपेक्षा जास्त. तोकुशिमाची निळीची रंगाई, हातकागद, कानाझावाचं सोनेरी वर्खकाम यात वस्तू बरोबर नेता येते. कानाझावा सोन्याच्या वर्खाचं माहेरघर आहे. देशातला जवळजवळ सगळा वर्ख तिथेच बनतो. 'तासाभरात किन्त्सुगी' (फुटलेलं भांडं सोनेरी सांध्यांनी जोडणं) शिकवणाऱ्यांकडे मात्र नीट चौकशी करा. खऱ्या उरुशी लाखेला सुकायला आठवडे लागतात. तासाभरात होतं ते कृत्रिम गोंदाने, आणि त्या वाडग्यात जेवता येत नाही.

पैसे कमी आणि वेळ एक तास असेल तर 'शाक्यो' करा. प्रज्ञापारमिता हृदयसूत्राची चिनी अक्षरं पातळ कागदाखालून दिसतात, त्यावरून कुंचल्याने गिरवायची. जपानी यावं लागत नाही. त्याहून स्वस्त हवं असेल तर 'गोशुइन' वही घ्या. देवळात दर्शन घेतलं की तीनशे-पाचशे येनमध्ये पुजारी त्या पानावर शाईने देवळाचं नाव लिहून लाल शिक्के उमटवून देतात. दर्शन आधी, वही नंतर.

बुकिंगचा क्रम

सर्वात आधी रात्रीचा मुक्काम, गर्दीच्या महिन्यात तीन-चार महिने अगोदर, पथ्याच्या मजकुरासह. त्यानंतर सुमो, विक्री उघडेल त्या दिवशी. मग ओदोरी. चहा आणि कार्यशाळा निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी. काबुकीचा एक अंक टोकियोत पोहोचल्यावर. बागेतला माचा आणि गोशुइन यांना बुकिंगच नाही, ते रिकाम्या सकाळींमध्ये बसवा.

वेळापत्रकात मुक्काम सहलीच्या मधोमध ठेवा. पहिल्या दिवशी साडेतीन तास पुढे गेलेलं शरीर रात्री जेवायलाही उठत नाही, आणि शेवटच्या रात्री सगळं लक्ष विमानतळावर असतं. मोठी बॅग कुरिअरने पुढच्या हॉटेलला पाठवून एका रात्रीपुरती पिशवी घ्या. डोंगरावरच्या देवळात आणि र्‍योकानच्या जिन्यांवर चाकांची बॅग चालत नाही. सुटे पैसे भरपूर ठेवा, देवळांत आणि लहान चहाघरांत कार्ड घेतीलच असं नाही.

आणि काही कारणाने पोहोचायला उशीर होत असेल तर र्‍योकानला किंवा देवळाला वाटेतूनच फोन करा, भाषा येत नसेल तर स्टेशनवरच्या पर्यटक केंद्रातल्या माणसाकडून करवून घ्या. स्वयंपाकघर ठरल्या वेळी बंद होतं, आणि कोयासानसारख्या ठिकाणी त्यानंतर बाहेर उघडं हॉटेल सापडणं मुश्कील.